विहिरीवरची नवी फरशी

मी भित्री आहे हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. गॅस बंद केला तरी मी परत जाऊन बटण चाचपते, एसटीत चाकावरच्या सीटवर बसत नाही, आणि पंखा कुरकुरला की त्याच्याखाली बसलेल्या पाहुण्याला दुसऱ्या खुर्चीवर नेऊन बसवते. नवरा म्हणतो, "तुले याचं बक्षीस देते का वं कोणी? कशाले एवढी मेहनत करते?" त्यामुळे अंगणातल्या नव्या फरशीबद्दल मी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. भित्र्या माणसाचं हेच होतं. त्याची खरी भीती बाकीच्या भीतींच्या गर्दीत ओळखूच येत नाही.

आमचं घर प्रताप नगरात, जुन्या लेआउटमधलं. सासऱ्यांनी बांधलं तेव्हा इकडे नळ नव्हता, म्हणून आधी विहीर खणली आणि मग घर. फाटक आणि घराचं दार यांच्या बरोबर मधोमध ती विहीर. लग्न होऊन आले तेव्हा पाणी ओढायचं काम माझ्याकडे आलं आणि सुरुवातीचे कित्येक महिने मी ते डोळे मिटून केलं. पुढे नळ आले, आजूबाजूला सगळ्यांनी बोअर केल्या आणि विहिरीचं पाणी पार खाली गेलं. मग तोंडावर लोखंडी जाळी आली, जाळीवर तुळशीच्या आणि जास्वंदीच्या कुंड्या आल्या. येणारा-जाणारा तिला बगल देऊन दाराशी पोचायचा. भीती होती, पण ती कुठे आहे ते दिसत होतं.

यंदा नवऱ्याने ठरवलं की विहिरीचा कठडा काढायचा, वर स्लॅब टाकायचा आणि सगळ्या अंगणाला एकसारखी शहाबादी फरशी करायची. कारण महालक्ष्म्या. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पहिल्या दिवशी त्यांना वाजतगाजत घरात आणायचं, दुसऱ्या दिवशी जेवण, तिसऱ्या दिवशी निरोप. जेवणाला नातेवाईक, शेजारी, हिंगण्याच्या कारखान्यातले त्याचे जुने सोबती, असा अख्खा गोतावळा येतो. अंगणात विहीर, म्हणून आमची पंगत दरवर्षी गल्लीत ताडपत्रीखाली बसायची, आणि मधूनच कोणीतरी स्कूटर घेऊन यायचं की अर्ध्या लोकांनी पानं उचलायची. नवऱ्याला त्याची फार लाज वाटायची. "यंदा आपल्या अंगणात बसवतो सगळ्याइले," तो म्हणाला, आणि मीही मान डोलावली. विहीर एकदाची डोळ्यांआड होणार म्हणून मला आनंदच झाला होता.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. सासूबाई आणि माझा नवरा, म्हणजे आई आणि मुलगा, एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही, माया तर दोन्हीकडून भरपूर. पण बोलायचं ते माझ्याकडे. "त्याले सांग, चष्मा लावून पेपर वाच म्हणा." तो समोरच बसलेला असतो. "आईले म्हण, लावला." सासरे असल्यापासून हे असंच चालू आहे. मी मध्ये उभी, आणि इकडचं तिकडे करताना शब्द जरा मऊ करून देते. बाहेरचा माणूस ऐकेल तर हसेल. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

नेमकं श्रावणात मिस्त्री कामाला लागायचा होता आणि उमरेडला माझ्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. तिच्याकडे करायला कोणी नव्हतं. मिस्त्री सिमेंटची पोती घेऊन फाटकातून आत आला आणि मी बॅग घेऊन उमरेडच्या बसला गेले.

परत आले तेव्हा फाटकाशीच थांबले. विहीर नव्हती. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत करडी फरशी, वर सिमेंटचे पांढरे फराटे अजून तसेच. नवरा दारात कमरेवर हात ठेवून उभा.

"कसं झालं सांग."

"छान," मी म्हटलं. हातात बॅग असताना माणूस छानच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू हातात घेतला तेव्हा मला फरशी कळायला लागली. इतकी वर्षं हे अंगण मीच झाडत आले आहे. मातीचं होतं तेव्हाही, नंतर कोबा झाला तेव्हाही. चांगल्या जमिनीवरून झाडू सरसर जातो. ही बया त्याला पावलापावलावर अडवत होती. एका फरशीचा कोपरा वर, शेजारणीचा खाली. दोन फरश्यांमधला सांधा कुठे दोऱ्याएवढा, तर कुठे बोट जाईल एवढा रुंद, आणि रुंद जागी नुसतं सिमेंटचं पाणी फिरवून गुळगुळीत केलेलं. नखाने उकरलं तर भुगा निघाला. भिंतीकडे फरशी पुरली नाही तिथे मिळतील ते तुकडे कोंबलेले. बादलीभर पाणी ओतून पाहिलं. नालीकडे जायचं सोडून ते आधी आमच्या उंबऱ्याशी आलं, तिथे थोडं घुटमळलं आणि मग शेजाऱ्यांच्या भिंतीकडे वळलं.

"अहो, ढाळ उलटा आहे. आणि हे सांधे पाहा."

"दगडाचं काम आहे. थोडं वरखाली राहतेच."

हे कोण म्हणत होतं? जो माणूस हिंगण्याच्या कारखान्यात जन्मभर तपासणी खात्यात होता. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवायचा आणि कसा परत पाठवला ते जेवताना सगळ्यांना रंगवून सांगायचा. माझ्या पोळ्यासुद्धा त्याच्या नजरेतून कधी सहज सुटल्या नाहीत. पण या कामाच्या वेळी तो रोज अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मिस्त्री त्याच्या एका जुन्या सोबत्याच्या नात्यातला. फरशीला नावं ठेवणं म्हणजे आता माझ्या नवऱ्याला नावं ठेवणं होतं.

वरखाली राहू दे, पाणी वळू दे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. मला भीती होती ती मधल्या जागेची. झाडू उलटा धरून त्याच्या मुठीने मी ठोकत ठोकत गेले. कडेला आवाज भरीव. मध्ये येत गेले तशी मूठ भद्दभद्द वाजायला लागली. नवरा हसला.

"खाली विहीर आहे बाई. पोकळ नाही वाजणार त काय वाजणार?"

खरं होतं ते, आणि पंचाईत तीच होती. दुसरीकडे कुठेही पोकळ आवाज आला तर काम वाईट झालं एवढं तरी समजतं. इथे काम चांगलं असलं तरी आवाज तोच, वाईट असलं तरी तोच.

"स्लॅब नीट टाकला ना? सळाखी घातल्या?"

"मी स्वतः उभा होतो. दुपारी घटकाभर जेवायला गेलो असंन, तेवढंच." तो पेपर उघडून बसला.

पोळा झाला आणि पावसाने झोडपून काढलं. उघडीप मिळाली तशी मी दार उघडलं आणि तिथेच थबकले. अंगण जवळजवळ वाळलं होतं. फक्त मध्ये, विहिरीच्या जागी, पाणी साचलेलं. परातीएवढं, आणि परातीसारखंच गोल. चौकोनी फरश्यांवर गोल डबकं. चार फरश्या मिळून मधल्या बाजूला किंचित खाली गेल्या होत्या, एवढ्या किंचित की नुसत्या डोळ्याला कळलंही नसतं. पाण्यानेच दाखवून दिलं.

मी चहा ठेवायला आत गेले. चहा उकळून कपात ओतून बाहेर येते तर डबकं अर्धं झालेलं. ऊन नव्हतं, वारा नव्हता. मग मी कप उंबऱ्यावर ठेवला, पदर खोचला आणि त्या डबक्याशेजारी फरशीवर आडवी होऊन कान टेकवला. गल्लीतून जाणाऱ्या दूधवाल्याने काय समजायचं ते समजो. बराच वेळ काही नाही. मग खालून, फार खालून, टप्प. नंतर पुन्हा तेवढाच वेळ शांत, आणि पुन्हा टप्प. मी उठले नाही, सरपटत मागे आले. त्या जागेवर हाताचा भार टाकायचीही हिंमत होईना.

मिस्त्रीला फोन लावला. "काकू, टेन्शन नका घेऊ. हत्ती नाचवा त्याच्यावर."

"बाबू, पाणी खाली जाऊन राहिलं. स्लॅबमधून पाणी कसं जाईल?"

"तुमच्या घरच्यांनी जसं सांगितलं तसंच केलं ना जी मी. मी आता कामठीले साइटवर आहे. महालक्ष्म्या होऊ द्या, मग येतो."

नवऱ्याला हाताला धरून आणलं. तोवर पाणी आटलं होतं आणि टप्प बंद झालं होतं. त्याने टाचेने तिथे दोनचार दणके दिले. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. "अहो नका!"

"पाहिलं? काही होते का?" तो म्हणाला. "तुले भ्यायले कारण लागते फक्त."

सासूबाईंना मी यातलं काही कळू दिलं नाही. त्यांचं वय झालेलं, मोतीबिंदूने डोळे अधू, वॉकर धरून कशाबशा दारापर्यंत येतात, आणि ब्लडप्रेशर तर सांगायलाच नको. "काय पाहून राहिली वं सकाळपासून अंगणात?" त्यांनी विचारलं. "काही नाही आई, ढाळ जरा चुकला आहे," मी म्हटलं. नेहमीसारखं मऊ करून.

पुढचे दिवस मी त्या अंगणात जीव मुठीत धरून काढले. घरातलं कोणी बाहेर निघालं की माझे कान तिकडे. पेपरवाला, भाजीवाली, मीटर पाहायला आलेला माणूस, सगळ्यांना मी भिंतीच्या कडेने आणायची. तुळशीची कुंडी नेऊन त्या जागेवर ठेवणार होते, पण मग वाटलं, कुंडीचं वजन? ती भिंतीशीच ठेवली. मध्ये एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. नवरा येता-जाता ती उचलायचा, मी परत ठेवायची. आम्ही दोघं त्या खुर्चीवरून एकही शब्द बोललो नाही.

महालक्ष्म्या यायचा दिवस उजाडला. फाटकापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची आणि रांगोळीची पावलं काढायचं काम माझं. मी फाटकापासून सरळ काढत आले आणि विहिरीपाशी पोचल्यावर हात आपोआप वळला. पावलं भिंतीकडून गेली, वळसा घालून परत रांगेला लागली. सासूबाई वॉकर धरून दारात उभ्या होत्या. बाकी काही दिसो न दिसो, पांढरी रांगोळी त्यांना दिसली.

"काहून वं? लक्ष्मी काय अशी वाकडी चालत येते?"

"आई, तिथे ओल आहे."

"ओल असली त पुसून घे. पण पाऊल सरळ पाहिजे."

मी पुसायच्या आधी सणाला आलेल्या धाकट्या जावेने फडकं मारलं, आणि तिने गुडघे टेकून त्याच चार फरश्यांवर हसत हसत ठसठशीत पावलं काढली. मी भिंतीला पाठ लावून उभी. तिचा प्रत्येक गुडघा मला माझ्या छातीवर टेकल्यासारखा वाटत होता.

मग मुखवटे. थोरली माझ्या हातात, धाकटी जावेच्या. मागे ताट-चमचा वाजवणाऱ्या बायका. मोठी सून म्हणून पुढे मीच. दारातून सासूबाईंनी विचारायचं, लक्ष्मी कशाच्या पावलांनी आली, आणि आम्ही प्रत्येक पावलाला सांगायचं, सोन्याच्या, मोत्याच्या, धनधान्याच्या. मी पाऊल टाकत होते आणि मनात एकच हिशोब होता, अजून पुढे, अजून पुढे, आता ती जागा. हातात मुखवटा, वळायची सोय नाही. उजवा पाय ठेवला आणि फरशी दबली. खाटेची सैल पट्टी दबते तेवढीच, पण दबली. "कशाच्या पावलांनी आली?" सासूबाईंचा आवाज आला आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मागून जावेने माझ्या वतीनं काहीतरी सांगितलं. दारात पोचले तेव्हा माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता, आणि बायका म्हणत होत्या, पाहा, थोरल्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, किती भाव आहे.

लक्ष्म्या बसल्या आणि माझे हातच बांधले गेले. महालक्ष्म्या घरात असेपर्यंत आमच्याकडे हातोडा वाजत नाही. खणत नाहीत, फोडत नाहीत, भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाहीत. फरशी उखडून पाहायची तर त्यांच्या निरोपानंतर. आणि जेवण दुसऱ्याच दिवशी.

जेवणाच्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघरात पुरण, सोळा भाज्या, आंबील, कढी. माझे हात पोळी लाटत होते आणि मन अंगणात. दुपार कलली, आरती झाली, पहिली पंगत मांडायला घेतली. दीर आणि नवरा पानं मांडत होते, चार रांगा. मी धावतच बाहेर आले.

"अहो, तिथे पानं मांडू नका. त्या चार फरश्या सोडा."

सगळं ऐकू गेलं. कारखान्यातले त्याचे सोबती बूट काढत होते, मिस्त्री ज्याच्या नात्यातला तो सोबतीसुद्धा. नवऱ्याचा चेहरा लाल झाला.

"काहून?"

"मले भीती वाटते."

कोणीतरी हसलं. नवऱ्याने स्वतःच्या हाताने बरोबर त्या जागी एक पान मांडलं, त्यासमोर पाट न ठेवता नुसत्या फरशीवर मांडी घातली आणि बसला.

"घे. मीच बसतो. आता वाढ."

घरधन्याने पहिल्या पंगतीला बसायचं नसतं. पण तो बसला होता, आणि पंगतीसमोर मी त्याच्याशी भांडू शकत नव्हते. मी वाढायला घेतलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. त्याच्यापाशी आले की माझी नजर पानावर नसायची, पानाच्या कडेला जो सांधा होता त्यावर असायची. श्लोक झाला, लोकांनी हात घातला. पोळ्या फिरल्या, तूप फिरलं. काही झालं नाही. मला वाटायला लागलं, खरंच मी मूर्ख असेन. कढी घेऊन आले. त्याच्या पानात ओतली ती जरा जास्त झाली, पानाच्या कडेवरून ओघळ सुटला आणि फरशीवरून सांध्यापर्यंत गेला. मी फडकं काढायला वाकले. सांध्याच्या पलीकडे कढी आलीच नाही. ओघळ तिथे जात होता आणि संपत होता. सांध्यातलं सिमेंट नव्हतंच आता. तिथे एक काळी रेघ होती.

"अहो," मी त्याच्या कानाशी म्हटलं, "हळूच उठा."

"जेवणाऱ्याले उठवतात का?"

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. पंगतीला 'सावकाश होऊ द्या' म्हणायचा मान त्यांचा. त्यांनी वॉकर टेकवला, हात जोडले, तसं म्हणाल्याही, आणि मग डोळे बारीक करून रांगेकडे पाहिलं. मुलाचं बसणं त्यांनी लांबूनही ओळखलं. मला विचारलं, "तो झाकणावर काहून बसला वं?"

"झाकण? कसलं झाकण, आई?"

"विहिरीचं. मिस्त्रीले मी सांगून ठेवलं होतं ना, घागर जाईन एवढी जागा ठेव म्हणून. विहिरीचा दम कोंडू नये. आन् कधी नळ गेला त पाणी काढता यीन. वर कडीचं झाकण बसव म्हटलं. ठेवली, आजी, म्हणे तो."

माझ्या हातातलं कढीचं भांडं मी कुठे ठेवलं ते आठवत नाही. नवऱ्याचा घास तोंडाशी थांबला होता. तो म्हणाला, "आई."

त्याने आईला हाक मारली होती. मला नाही.

"आई, तिथे झाकण नाही. मिस्त्री म्हणे, मध्ये झाकण येते. मी म्हटलं, अंगणात झाकण दिसलं नाही पाहिजे, वरून सरळ फरशी टाक. मले वाटलं, तो सगळ्या विहिरीवरच्या झाकणाचं बोलून राहिला. स्लॅबचं."

म्हणजे आईने सांगितलं म्हणून मिस्त्रीने स्लॅबला भोक ठेवलं होतं, आणि मुलाने सांगितलं म्हणून त्यावर फरशी टाकली होती. दोघांचंही त्याने ऐकलं. एकाचं दुसऱ्याला सांगणारी मी उमरेडला होते.

"हलू नको गा," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बापू, अजिबात हलू नको. बाकीचे उठा. पान सोडून उठा, मी सांगून राहिली."

भरल्या पानावरून उठायचं म्हणजे केवढा अपशकुन, पण लोक उठले. वाटी लवंडल्याचाही आवाज होऊ न देता, एकेक जण, भिंतीकडे. सगळं अंगण रिकामं झालं आणि मध्ये माझा नवरा एकटा, मांडी घालून, उजवा हात कढीभाताने माखलेला. तो माझ्याकडे पाहत होता. इतक्या वर्षांत मी त्याला रागावलेला पाहिला होता, रडताना पाहिला होता, पण भ्यालेला पाहिला नव्हता. त्याच्या ओठांवर शितं तशीच होती.

"उठू का?" तो म्हणाला.

"नाही. एका पायावर भार येईल." हे कोण बोललं? मीच. मला वाटायचं की खरोखर काही झालं तर मी जागीच कोसळेन. पण इतके दिवस मी दुसरं करत तरी काय होते? या जागेवरून माणूस कसा काढायचा, हेच तर भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मनात घोळवत होते. दिराला म्हटलं, तोरण बांधायची शिडी आणा. ती आडवी करून आम्ही दोन्हीकडून सरकवली, डबक्याच्या जागेच्या पलीकडे टेकेल अशी, त्याच्या अगदी पाठीशी. "मागे रेला. हळू. हात वर करून दांडी धरा. आता सगळा भार शिडीवर टाका."

तो रेलला. शिडी करकरली. मी त्याच्या काखांत हात घातले, दिराने माझी कंबर धरली, दिराला कारखान्यातल्या त्या सोबत्याने. ओढला. त्याची मांडी सुटली, टाचा फरशीवरून घासत आल्या, आणि शेवटची टाच निघता निघता खालून कट्ट असा आवाज झाला. फरशी आधी एका बाजूने कलली. पान तिच्यावरून घसरलं, पोळी, सोळा भाज्या, कढी, सगळं एका कोपऱ्यात गोळा झालं. मग फरशी गेली. तिच्यामागे शेजारची अर्धी तुटून गेली. भिजून वाकलेल्या दोन फळ्या दिसल्या, त्याही गेल्या. राहिलं ते भोक. माणूस सहज जाईल एवढं.

सगळे ऐकत होते. मग खालून पाणी वाजलं.

नंतर बरंच काही झालं. दिराने भोकाभोवती दोऱ्या बांधल्या, शिडी आणि पाट आडवे टाकले. त्या सोबत्याने गल्लीत जाऊन मिस्त्रीला फोनवर काय काय ऐकवलं ते आम्हाला आत ऐकू येत होतं. सासूबाई देवघरात जाऊन महालक्ष्म्यांपुढे बसल्या त्या उठेनात. उरलेली पंगत घरात, जिन्यात, पलंगाखालचं सामान सारून, जागा मिळेल तिथे बसली. लोक जेवले. जेवणाच्या दिवशी कोणाला उपाशी पाठवत नाहीत.

नवऱ्याचं पान मी स्वयंपाकघरात मांडलं. ओट्याला पाठ लावून तो जमिनीवर बसला. तिथे खाली पक्की जमीन आहे, काळी माती आणि मुरूम, तरी बसण्याआधी त्याने हाताने चाचपून पाहिलं. मी भात वाढला, वरण वाढलं, तुपाची धार सोडली. इतके दिवस मी मनात एकेक वाक्य जमवून ठेवलं होतं, की खरं निघालं तर हे बोलेन, ते बोलेन. त्यातलं एकही आलं नाही.

त्याने भात कालवला. घास उचलला की सुटत होता. शेवटी त्याने हात पानावरच ठेवून दिला.

"किती उशिरा आला वं आवाज," तो म्हणाला.

मी त्या विहिरीतून घागरी ओढलेल्या आहेत. दोर किती लागायचा ते मला ठाऊक होतं. मी त्याला ते सांगितलं नाही. त्याच्याजवळ खाली बसले, आणि भात निवेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.